‘ओरिजिनल’चा हट्ट

जुनी स्कूटर घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करायला घेतली आहे असे सांगितले की ऐकणारा बहुधा एकच गोष्ट विचारतो: ‘ओरिजिनल ठेवणार ना?’ या प्रश्नामागे एक चित्र असते. आकुर्डीच्या कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली, अंगावर ओरखडा नसलेली, प्रत्येक नट जागच्या जागी असलेली बजाज चेतक. आणि दुरुस्ती म्हणजे मधली चाळीस वर्षे खरवडून काढून गाडीला त्या दिवसापाशी परत नेणे. मामांची १९८४ सालची चेतक माझ्याकडे आल्यापासून मी या चित्राशी वाद घालतो आहे. माझे म्हणणे असे की तशी चेतक आपल्या रस्त्यांवर फारशी धावलीच नाही. शोरूममधून निघालेली गाडी आधी देवळापुढे उभी राहायची आणि तिथून जवळच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जायची. पुढेमागे क्रॅशगार्ड, पाय ठेवायच्या जागेवर रबरी मॅट, स्टेपनीला कव्हर, मागे आडवे बसणाऱ्या बाईसाठी पाय टेकवायची पट्टी, मडफ्लॅप आणि हौस असेल तर पुढे काच, एवढे सगळे चढल्यावरच ती घरच्या उंबऱ्यावर ओवाळून घ्यायला यायची. कारखान्याने दिलेल्या रूपात ती ग्राहकाकडे जेमतेम एक दुपार राहिली असेल. त्या एका दुपारीला एवढे महत्त्व का द्यायचे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

तसे पाहिले तर चेतकचा जन्मच उसन्या आराखड्यातून झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या पोंतेदेरा येथे पियाज्जो कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा बाजारात आणली आणि तिचा आराखडा केला तो कोरादिनो द’अस्कानियो या विमानविद्येतल्या अभियंत्याने. हा गृहस्थ मुळात हेलिकॉप्टरवर काम करणारा, आणि मोटरसायकल हा प्रकार त्याला आवडत नसे. कपडे घाण करणारी साखळी, दोन पायांच्या मध्ये तापणारे इंजिन आणि पंक्चर झाले की चाक काढायची कटकट या तिन्ही गोष्टींवर त्याचा राग होता. म्हणून त्याने वेगळी चासी न ठेवता पत्र्याचे अंगच सांगाडा म्हणून वापरले, इंजिन मागच्या चाकाला खेटून बसवले म्हणजे साखळीची गरजच उरली नाही, गिअर डाव्या मुठीत आणले आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. पुण्याच्या बजाज ऑटोने पियाज्जोच्या परवान्याखाली १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही स्कूटर बनवायला घेतली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि सरकारने त्याला मुदतवाढ दिली नाही, तेव्हा १९७२ मध्ये बजाजने व्हेस्पा स्प्रिंटच्या बेतावर स्वतःची गाडी काढली आणि तिला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले. सत्तावन्न मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तेवढाच स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे १४५.४५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, चार गिअर आणि दहा इंची चाके, एवढ्या भांडवलावर ही गाडी किरकोळ फेरफार करत जवळपास तीन दशके बनत राहिली.

त्या काळी कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे परवान्यावर ठरत असे, आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे गेलेली होती. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि नंबर लागायची वाट पाहायची. ती वाट कित्येकांनी दहा-दहा वर्षे पाहिली. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, त्यामुळे आखातात नोकरीला गेलेल्या भावाला किंवा मेहुण्याला घरात एकाएकी फार मान आला. हातात आलेली गाडी विकली तर शोरूमच्या किमतीपेक्षा जास्त पैसे येत. मामा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होते, त्यांचे आखातात कोणी नव्हते, त्यामुळे त्यांनी नंबराची वाट पाहिली. एवढ्या वाटेने आलेली वस्तू मोडली म्हणून कोणी टाकून देत नाही. तिला डाग देतात, ठिगळ लावतात, पुन्हा रंगवतात, आणि ती आणखी काही वर्षे ओढते. चेतकच्या अंगावर दिसते ते बहुतेक या ओढाताणीचेच असते.

आमच्या पुण्यातल्या घराला गॅरेज आहे, पण त्यात कधी मोटार उभी राहिली नाही. गणपतीची मखरे, सायकली, रंगाचे अर्धे डबे आणि कोणीतरी कधीतरी परत न्यायच्या ट्रंका तिथे होत्या. ते सगळे एका भिंतीकडे सरकवून, वर एक ट्यूबलाइट आणि खाली जाड पुठ्ठे टाकून मी जागा केली. चेतकचा एक गुण असा की तिला यापेक्षा जास्त काही लागत नाही. इंजिन खाली घ्यायचे तर गिअरच्या दोन केबल, क्लच, मागचा ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि चोक यांच्या केबल सोडवायच्या, पेट्रोलचा पाइप आणि वायरी सुट्या करायच्या, मागच्या शॉकअ‍ॅबसॉर्बरचा खालचा बोल्ट काढायचा, आणि मग इंजिन ज्या एका लांब आडव्या बोल्टवर झुलते तो बाहेर ओढायचा. पुस्तकात एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो लांब बोल्ट इंजिनच्या आडव्या नळीतल्या रबरी बुशांमधून, म्हणजे हादरे सोसणाऱ्या अस्तरांमधून जातो, चाळीस पावसाळ्यांचे पाणी त्यात मुरते, आणि बोल्ट व बुशची आतली लोखंडी नळी गंजून एकजीव होतात. नट सुटला तरी बोल्ट जागचा हलत नाही. त्यावर गंज सोडवणारे तेल मारून दोन-तीन दिवस थांबायचे, पितळेचा गज टेकवून ठोकायचे, पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. थेट पोलादी हातोडा मारला तर बोल्टचे टोक पसरते आणि मग तो नळीतून कधीच बाहेर येत नाही. मग पात्याने दोन्ही बाजूंनी कापण्यावाचून इलाज उरत नाही.

या कामात मला ज्यांची साथ होती ते मिस्त्री आता गॅरेज चालवत नाहीत. चेतक, सुपर आणि प्रिया या त्या काळच्या स्कूटरींवर हात बसलेल्या पिढीतले ते आहेत, आणि रविवारी सकाळी चहाच्या बोलीवर ते येऊन बसत. त्यांचे बसणेही शिकण्यासारखे होते. स्कूटरला हात लावण्यापूर्वी ते तिच्याभोवती एक चक्कर मारत आणि आधी कोणी काय केले आहे ते बोलून दाखवत. ‘हा नट वर्कशॉपचा नाही, हा गावाकडं टाकलाय.’ ‘इथं वायर जोडलीय ती रात्री जोडलीय, बघा, टेप उलटी गुंडाळलीय.’ मला हे आधी गंमत वाटे. पण सुटे भाग टेबलावर ओळीने मांडत गेलो तसे दिसू लागले की गाडीवर किमान तीन-चार वेगवेगळ्या हातांनी काम केलेले आहे. एकाने कार्ब्युरेटरचा मळसूत्र झिजलेला स्क्रू तांब्याची तार गुंडाळून घट्ट बसवला होता. एकाने मागच्या ब्रेकच्या केबलला सायकलच्या केबलची टोपी लावली होती. मॅग्नेटच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या फिरत्या चाकाच्या मागे, जिथे कोणी पाहणार नाही अशा जागी, एकाने वायरींच्या रंगाची खूण म्हणून प्लेटवर रंगाचे ठिपके दिलेले होते. तो माणूस कोण होता ते कळायला मार्ग नाही, पण त्याचे काम आजही बरोबर होते आणि मी त्या ठिपक्यांवरूनच वायरिंग जोडले.

इथे माझा पहिला निर्णय सोपा होता. जे फिरते, घासते, थांबवते आणि ठिणगी देते ते नवे करायचे. तिथे भावनेला वाव नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कवचाच्या आतला दाब राखणे हाच सगळा खेळ असतो, आणि तो राखायचे काम त्यात फिरणाऱ्या क्रँक या दांड्याच्या दोन बाजूंची दोन ऑइल सील करतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्यांचे रबर कडक होते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल ओढून घेते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट सोडते. मॅग्नेटच्या बाजूचे गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडून ते पातळ होते, इंजिन आपोआप भरधाव पळू लागते आणि तापून पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो धुरासारखा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कवच उघडले आहे तर दोन्ही सील, सगळी बेअरिंगे आणि कनेक्टिंग रॉडचे किट बदलूनच ते बंद करायचे, यावर मिस्त्री अडून बसले. सिलिंडर घासलेला होता. तो लेथवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाकल्या. गिअर निसटत होते त्याचे कारण म्हणजे शाफ्टमध्ये सरकणारा तो चार टोकांचा क्रॉस. त्याच्या कडा गोल झाल्या की गिअर अडकल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की उडतो. क्रॉस फारसा महाग नसतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला सगळे इंजिन उघडावे लागते, म्हणून लोक वर्षानुवर्षे उडणारा गिअर हाताने दाबून धरत चालवत. मामांच्या डाव्या मनगटाचे दुखणे याच खात्यात जमा करावे की काय, असे मला वाटून गेले.

केबलींबद्दल एक सूचना करून ठेवतो, कारण ती कोणत्याही पुस्तकापेक्षा मिस्त्रींच्या तोंडून जास्त नीट कळली. केबल स्कूटरच्या पोकळ पाठीतून, पुढच्या दांड्यापासून सीटखालपर्यंत जातात आणि आत काही दिसत नाही. जुनी केबल ओढून काढण्यापूर्वी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधायचा. केबल बाहेर आली की दोरा तिच्या वाटेवर आत राहतो, आणि नवी केबल त्याच्या मागून ओढून घेता येते. वायरिंगचे संपूर्ण जाळेही असेच घालतात. हा दोरा बांधायला विसरलेला माणूस पुढचा सगळा दिवस टॉर्च आणि तार घेऊन स्कूटरच्या पोटात डोकावत बसतो, असे मिस्त्री सांगत, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा फार समाधानी दिसे.

खरा प्रश्न पत्र्यापाशी उभा राहतो. चेतक गंजते ती पायाखाली. रबरी मॅटच्या खाली पावसाचे पाणी आणि माती साठते, ते वाळत नाही, आणि पत्रा वरून चांगला दिसत असतानाच खालून जाळीदार होतो. मागच्या ब्रेकच्या पेडलशेजारी आणि खालच्या आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात हे सर्वांत जास्त. पत्र्याचे अंग हाच सांगाडा असल्यामुळे हा गंज दिसण्यापुरता नसतो. फ्लोअर गेला तर गाडीचा कणाच गेला. मॅट काढली, पेंट रिमूव्हर लावून थर सोडवले, आणि तारेचा ब्रश फिरवला तेव्हा डाव्या बाजूला वितीएवढा पत्रा निघाला जो बाकीच्यापेक्षा जाड होता. कधीतरी साताऱ्यात कोणा वेल्डरने फ्लोअर फुटला म्हणून हे ठिगळ मारले होते. त्यावर ठोकून पाहिले तर ते खणखणीत होते, आणि त्याच्या भोवतीचा आकुर्डीचा पत्रा मात्र बोटाने चुरा व्हावा असा झालेला. मामी मागे डावीकडे तोंड करून आडव्या बसत. चेतकचे इंजिन उजव्या अंगाला असते, त्यामुळे इंजिन उजवीकडे आणि मामी डावीकडे अशी गाडीची तोल सांभाळायची व्यवस्था होती, आणि पुढे पाय ठेवायच्या जागेत उभी असायची ताई, मामांची मुलगी. डावा फ्लोअर आधी फुटला यात नवल नाही.

इथे मी आणि मिस्त्री पहिल्यांदा वेगळे झालो. त्यांचे म्हणणे, आता तयार फ्लोअर विकत मिळतो, सगळा जुना कापून एकसंध नवा बसवू. ते सोपे होते आणि स्वस्तही. पण मग चांगले असलेले एकमेव लोखंड, म्हणजे ते ठिगळ, आधी कापून टाकावे लागले असते, आणि तेही केवळ ते कारखान्यातून आलेले नाही म्हणून. शेवटी आम्ही गंजलेला भाग धडधाकट पत्रा लागेपर्यंत कापला, तेवढाच नवा पत्रा आकार देऊन सीओटू वेल्डिंगने जोडला, खालच्या आडव्या पट्ट्या नव्या घातल्या, आणि ठिगळ जागेवर ठेवले. वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लाटा घेतो, म्हणून टाके टाके घेत, मध्ये थंड होऊ देत हे काम करावे लागते. भोसरीतल्या ज्या वर्कशॉपात ते केले तिथल्या पोराने मला विचारलेच, ‘साहेब, हे ठिगळ पण काढू का? बरं दिसंल.’

बरे दिसण्याची ही ओढ मी आपल्याकडे सगळीकडे पाहतो. गावातल्या जुन्या हेमाडपंती देवळाचा जीर्णोद्धार म्हणून काळ्या दगडावर ऑइलपेंट चढवतात, गाभाऱ्यात टाइल्स बसवतात, आणि वर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावतात. चेतकला चकचकीत दोन रंगांत रंगवून, क्रोम चढवून, आरशांची माळ लावणारे तेच करत असतात. परदेशातल्या व्हेस्पाप्रेमींमध्ये आशियातून रंगवून पाठवलेल्या जुन्या स्कूटरींची चांगलीच बदनामी आहे, आणि तिला कारण आहे. वरून आरशासारखा रंग, आत गंजावर थापलेली बोटभर पुटी, आणि कधी कधी तर दोन वेगळ्या गाड्यांचे अर्धे अर्धे अंग जोडून केलेली एक गाडी. पुटी ही पत्र्याची जागा घेऊ शकत नाही. ती खळगे बुजवण्यापुरती असते, आणि जिथे ती जाड थापावी लागते तिथे पत्रा आधी ठोकून सरळ करायला हवा होता असा तिचा अर्थ असतो. लोहचुंबक फिरवून पाहिला की हे लगेच कळते: पत्रा असेल तिथे तो चिकटतो, पुटी असेल तिथे घसरतो. जुनी स्कूटर विकत घेणाऱ्याने खिशात फक्त एवढे एकच हत्यार नेले तरी पुरे.

रंगाचा वाद मात्र घरात झाला. मागच्या बाजूला मी पाण्याच्या कागदाने हळूहळू घासत एक छोटी चौकट उघडी केली, तेव्हा वरचा मरून, त्याखाली आकाशी आणि सर्वांत खाली पांढरा अशी तीन वये एकाखाली एक दिसली. आरसी बुकात रंगाच्या रकान्यात पांढराच लिहिला आहे. मरून रंग मामांनी ताईच्या लग्नाच्या वर्षी दिला, हे सगळ्यांना आठवत होते. आकाशी केव्हा दिला ते मामांनाही आठवेना, पण ताईला फक्त आकाशीच आठवत होता, कारण तिने ज्या वयात पुढे उभे राहून हँडल धरले त्या वयात गाडी आकाशी होती. ती फोनवर म्हणाली, ‘अरे, ओरिजिनल आकाशीच होती.’ आणि तिच्या दृष्टीने ते खरेच होते. मी मामांना विचारले तर ते म्हणाले, ‘रंग कसला बघतोस, पुढचा ब्रेक लागतो का ते बघ आधी. त्या गाडीचा पुढचा ब्रेक कधीच धड लागला नाही.’ हे अगदी खरे आहे. चेतकचा पुढचा ड्रम ब्रेक नवा असतानाही सूचनेपुरताच असतो; नवे लायनर टाकून, केबल घट्ट करून आणि लिव्हरचा कोन साधून तो थोडा ताळ्यावर येतो इतकेच.

मी मरून ठेवला. जिथे वेल्डिंग झाले तिथे प्रायमर, पुटीचा पातळ हात आणि जुळवून घेतलेला मरून. बाकी जुना रंग फक्त रबिंग करून मेणाने राखला. डाव्या डिकीच्या झाकणावरचा पोचा तसाच आहे. मागची ती घासलेली तीन रंगांची चौकट मी पुन्हा झाकली नाही, वर फक्त लॅकर मारले. ताईला हे पटलेले नाही.

सुट्या भागांसाठी पुण्यात अजून तरी नाना पेठ आहे. तिथल्या अरुंद दुकानांत काउंटरवरच्या माणसाला सालासकट गाडीचे नाव सांगितले की तो मागे न पाहता हात वर करून पुडा काढतो, आणि मग विचारतो, कंपनीचा देऊ की लोकल. रबरी वस्तूंत हा प्रश्न निकाली असतो, कारण कंपनीचा म्हणून पंचवीस वर्षे पुड्यात पडलेला रबरी बुश जुन्या गाडीतल्या बुशइतकाच कडक झालेला असतो. तिथे आज बनलेला लोकल माल चांगला. ठिणगी ठरवणारे पॉइंट आणि कंडेन्सर यांच्याबाबत उलट, तिथे स्वस्तातला माल पंधरा दिवसांत ठिणगी मारायला लागतो. हेडलाइटची रिंग, हँडलवरची स्पीडोमीटरची काच, बॅजेस असल्या वस्तू जुन्या बाजारात ढिगातून उचलाव्या लागतात. ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणून दुप्पट किंमत सांगितली जाते ती वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी मोडीत निघालेल्या चेतकची असते, हे घेणारा आणि विकणारा दोघेही जाणून असतात.

‘ओरिजिनल’चा हट्ट आता कायद्यानेही धरला आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्थितीत राखलेली आणि चासी, अंग किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी त्यात बसते; तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका मिळते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, नोंदणी दहा वर्षे चालते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नसते. पहिल्या वर्षीच्या चेतक नुकत्याच या वयात आल्या आहेत, मामांच्या गाडीला अजून अवकाश आहे. पण मला त्या यादीत जायचेही नाही. ज्या गाडीचे सगळे आयुष्य दळण, शाळा, कचेरी आणि साताऱ्याच्या पोवई नाक्यावरची भाजी यांत गेले, तिला ‘रोज वापरू नका’ या अटीवर मान मिळणार असेल तर तो कशाला घ्यायचा? साधी नोंदणी पुढे चालवायची तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला तीनशेवरून हजार रुपये झाले व पुढे गाडीच्या वयाबरोबर आणखी वाढवले गेले. हे मला योग्य वाटते, असे म्हटले तर जुन्या गाड्यांच्या मंडळींत लोक रागावतात. पण ज्या यंत्राचे ब्रेक मामांनीच संशयास्पद ठरवले आहेत ते कोणीतरी अधूनमधून तपासावे, यात गैर काय आहे?

नंबर प्लेटचे मात्र मला वाईट वाटले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावणे बंधनकारक आहे. मामांच्या गाडीचा नंबर ‘एमएच’ अक्षरे येण्यापूर्वीच्या जुन्या तीन अक्षरी मालिकेतला आहे, आणि तो एका पेंटरने काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ब्रशने काढलेला होता, आठाच्या आकड्याला जरासा नखरा देऊन. तो आठ आता गाडीवर असणे बेकायदा आहे. ती पाटी मी काढून ठेवली. नवी पाटी भोकांत नीट बसली, एवढे तिच्या बाजूने सांगता येईल.

राहिला पेट्रोलचा प्रश्न, आणि जुनी टू-स्ट्रोक राखणाऱ्यांनी रंगापेक्षा याचाच जास्त विचार करायला हवा. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. टाकी बराच काळ अर्धी भरून ठेवली तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसू शकते, आणि चेतकच्या टाकीचा कॉक नेमका तळाशी असतो. जुने रबर त्याने फुगते किंवा तडकते, म्हणून टाकीचा कॉक, वॉशर आणि पाइप मी इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याच कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ पडते आणि एअरकूल्ड इंजिन जास्त तापते. त्यावर उपाय म्हणून मिस्त्रींनी मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक भोक, एका नंबराने मोठा टाकला आणि स्पार्क प्लगचा रंग पाहत राहायला सांगितले. तो विटकरी यायला हवा. पांढरट दिसला तर गाडी थांबवायची. ऑइल लिटरला वीस मिली, पहिल्या काही शेकडा किलोमीटरला थोडे जास्त, आणि तेही मोजून. अंदाजाने बाटली उपडी करण्याची जुनी सवय मोडली की धूर निम्मा कमी होतो. तो पूर्ण जात नाही. टू-स्ट्रोक ऑइल जाळते, आणि तिच्या मागे उभे राहिलेल्याला ते कळते, ही गोष्ट चेतकच्या प्रेमात लपवू नये. म्हणून रोजच्या ऑफिसला मी ती नेत नाही. पण आठवड्यातून एकदा तरी ती तापेपर्यंत चालवावी लागते, नाहीतर सील पुन्हा सुकतात आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो. तेव्हा रविवारी सकाळी मंडईला चेतक जाते, टाकीत दोन लिटरपेक्षा जास्त पेट्रोल कधी ठेवत नाही, आणि परतताना घराच्या वळणावर कॉक बंद करतो म्हणजे कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल गॅरेजच्या दारापर्यंत जळून जाते.